देवदाराचा सुकामेवा

सैबेरियातल्या माणसांना मराठीत देवदाराच्या बिया खायला घालणं आता थांबवलं पाहिजे. परीक्षणासाठी, संपादनासाठी किंवा नुसतंच ‘एकदा नजर टाका’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत हा प्रकार मला पुनःपुन्हा भेटतो. शिकारी शेकोटीशी बसतो, खिशातून मूठभर देवदाराच्या बिया काढतो आणि त्या फोडून खात रात्र काढतो. देवदाराला खाण्याजोगी बी नसतेच. त्याचा शंकू झाडावरच सुटा होतो आणि पातळ पंखांच्या बिया वाऱ्यावर निघून जातात. मूळ रशियन मजकुरात असतो तो ‘केद्र’. सैबेरियात पोचलेल्या रशियनांनी तिथल्या एका पाइनला हे भारदस्त नाव दिलं. इंग्रजी भाषांतरकाराने त्याचा ‘सीडर’ केला, आपल्या शब्दकोशात ‘सीडर’पुढे देवदार लिहिलेलं होतं, आणि तीन पावलांत येनिसेईकाठचं झाड हिमालयात येऊन उभं राहिलं. प्रत्यक्षात ते सैबेरियन पाइन आहे. पाच-पाच सुयांचे झुबके, तेलकट गोडसर बिया. आपल्याकडचं त्याचं जवळचं भावंड हवंच असेल तर ते किन्नौरचा चिलगोजा. सुकामेव्याच्या दुकानात चिलगोज्याचा भाव विचारून घाबरलेला कोणीही मराठी वाचक हे झाड क्षणात ओळखेल.

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर असं, की एका झाडाने काय बिघडतं? बिघडतं ते असं. त्या बियांवर तिथलं अख्खं रान जगतं. केद्रोव्का नावाचा, कावळ्याच्या कुळातला पक्षी त्या हजारोंनी पुरून ठेवतो, त्यातल्या विसरलेल्या बियांतून नवं रान उगवतं. खार, सेबल आणि हिवाळी झोपेआधी चरबी साठवणारं अस्वल याच बियांच्या मागे असतात. ज्या वर्षी हे पीक बुडतं त्या वर्षी अस्वलं गावाकडे वळतात. म्हणजे कथेच्या तिसऱ्या पानावर ‘यंदा केद्र धरला नाही’ असं म्हातारा सहज बोलून जातो, तेव्हा विसाव्या पानावर अस्वल येणार हे तिथल्या वाचकाला कळलेलं असतं. मराठी वाचकाला मात्र ते अस्वल आभाळातून पडल्यासारखं वाटतं, आणि मग आपले समीक्षक त्याला ‘नियतीचं प्रतीक’ म्हणतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की उत्तरेकडच्या या मोठ्या नद्यांच्या साहित्यात भूगोल आणि प्राणिसृष्टी हे नेपथ्य नसतं, तेच कथानक असतं. ते गाळून केलेला अनुवाद हा कथानक गाळून केलेला अनुवाद होय. हा गाळ काढण्याचं काम आपण तिघे मिळून करतो: इंग्रजीवरून मराठी करणारे अनुवादक, ‘वाचकाला कळणार नाही’ हे ब्रह्मवाक्य फेकणारे संपादक, आणि तौलनिक साहित्याचे आम्ही पदवीधर. आम्हाला वर्गात ‘माणूस आणि निसर्ग’ अशी एक आशयसूत्राची फाइल देण्यात आली. तीत हेमिंग्वेचा मासा, मेल्विलचा देवमासा आणि सैबेरियातला स्टर्जन एकाच टाचणीने लावलेले होते. जीव तीन, पाण्याच्या जाती तीन, पकडण्याची साधनं तीन. पण सूत्र एक, म्हणून सगळे सारखे.

स्टर्जनवरच बोलू. व्हिक्तर अस्ताफ्येव यांचं ‘त्सार-रीबा’ हे कथामालेसारखं पुस्तक १९७६चं. अस्ताफ्येव क्रास्नोयार्स्कजवळच्या ओव्स्यांका गावचे. त्यांची आई १९३१मध्ये याच येनिसेईत बुडून वारली. पुस्तकाच्या शीर्षककथेत इग्नातिच हा चोरटा मच्छीमार एका अजस्र स्टर्जनला पकडतो आणि स्वतःच्याच आकड्यांत अडकून त्या माशाशेजारी पाण्यात लटकत राहतो. माझ्यासमोर आलेल्या एका मराठी मसुद्यात हे असं होतं: ‘त्याच्या गळाला एक मोठा मासा लागला.’ समासात संपादकाने लिहिलं होतं, ‘छान, सोपं.’

सोपं आहे खरंच. फक्त त्यात गळ नाही आणि नुसता मोठा मासाही नाही. इग्नातिचच्या हातात असतो ‘सामोलोव’, शब्दशः ‘आपोआप पकडणारा’. एक लांब दोर नदीच्या तळाशी आडवा सोडायचा, त्याला धार लावलेले बिनआमिषाचे आकडे ओळीने लटकवायचे आणि प्रत्येक आकड्याला छोटा तरंगता तुकडा बांधायचा, म्हणजे आकडा प्रवाहात हलत राहतो. तळाने चरत जाणारा मासा त्याला घासतो आणि आकडा अंगात रुततो. माशाला भूक लागलेली नसते, त्याला कोणी भुलवलेलं नसतं. बरेच मासे मांस फाडून निसटतात आणि पुढे कुठेतरी मरून कुजतात. मराठीत ‘गळाला लागणं’ म्हटलं की लोभ आला, आमिष आलं, फसगत आली. म्हणजे दोष थोडा माशाकडेही गेला. सामोलोवमध्ये माशाचा काडीचा दोष नाही. इग्नातिच त्याच आकड्यांत अडकतो, तेव्हा त्याला आपण पूर्वी एका मुलीवर केलेला अत्याचार आठवतो. तीही कशाला भुललेली नव्हती. आता सांगा, ‘गळ’ लिहून तुम्ही कोणाला वाचवलंत?

आणि तो मासा. स्टर्जनला खवले नसतात, अंगावर हाडांच्या ढालींच्या पाच रांगा असतात. आतला सांगाडा बहुतांशी कूर्चेचा. तोंड दात नसलेलं, डोक्याच्या खालच्या बाजूला, पुढे चार मिशा. त्यांनी तळ चाचपत हा राक्षसी देहाचा प्राणी अळ्या आणि किडेमकोडे टिपत हिंडतो. सैबेरियन स्टर्जनची मादी अंड्यांवर यायला पंधरा-वीस वर्षं लागतात आणि त्यानंतरही ती दरवर्षी अंडी घालत नाही. एक मादी मारली म्हणजे काय मारलं, याचा हिशेब या आकड्यात आहे. नावातली मौज आणखी वेगळी: ‘त्सार’ पुल्लिंगी, ‘रीबा’ म्हणजे मासळी स्त्रीलिंगी. इंग्रजीत ती ‘क्वीन फिश’ झाली. मराठीला इतकी ओढाताण करण्याचं कारणच नाही, आपल्याकडे मासा आहे आणि मासळीही आहे. भाषेने हातात दिलेलं टाकून देऊन आपण ‘मोठा मासा’ लिहितो.

मी काही वर्षं कोलकात्यात राहते. तिथल्या कोणा संपादकाने इलिशच्या जागी ‘मोठा मासा’ छापला तर त्याला दुसऱ्या दिवशी बाजारात तोंड दाखवता येणार नाही. आपल्याकडे रायगडच्या माणसाला जिताड्याऐवजी ‘एक चविष्ट मासा’ म्हणून पाहा. येनिसेईकाठच्या माणसाने मात्र आपले स्टर्लेट, तैमेन, लेनोक, नेल्मा, मुक्सुन, चिर, तुगुन हे सगळे मासे एका टोपलीत ओतून, ‘विविध प्रकारचे मासे’ असं लेबल लावून आपल्या दारात उभं राहावं, ही अपेक्षा. यातला तैमेन हा सामनच्या कुळातला आडदांड शिकारी, पोहत जाणारं बदकाचं पिल्लूसुद्धा गिळणारा. तुगुन बोटभर लांबीचा, मीठ लावून खातात. नालिम भर हिवाळ्यात, बर्फाच्या छताखाली अंडी घालतो. यातला कोणता मासा कोणाच्या ताटात आहे, यावरून त्या घराची मिळकत, ऋतू आणि कायद्याशी असलेले संबंध असं सगळं कळतं.

नदीचीच गोष्ट घ्या. येनिसेई तुवामध्ये किझिल शहराशी दोन प्रवाह मिळून सुरू होतो. तिथून कारा समुद्रापर्यंत सुमारे ३,४८७ किलोमीटर. सेलेंगा, बैकाल सरोवर आणि अंगारा या वाटेने मंगोलियापासून मोजलं तर साडेपाच हजारांच्या वर. गंगा अडीच हजारांची आहे. पाण्याच्या राशीत रशियातल्या नद्यांत त्याचा पहिला क्रमांक. त्याचा डावा काठ म्हणजे पश्चिम सैबेरियाचं सपाट, दलदलीचं मैदान, उजवा काठ मध्य सैबेरियाचं खडकाळ पठार. एका काठावर उभं राहून दुसऱ्याकडे पाहणं म्हणजे दोन वेगळे देश पाहणं. ‘उजव्या काठाला गेला’ हे वाक्य म्हणूनच तिथे दिशादर्शक नसतं. तो माणूस दगडात, लार्चच्या रानात, कायम गोठलेल्या जमिनीवर गेला, असा त्याचा अर्थ.

पण खरी गोम प्रवाहाच्या दिशेत आहे. तो दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. म्हणजे वसंतात आधी वरचा भाग वितळतो आणि ते पाणी खाली उतरतं तेव्हा पुढची नदी अजून गोठलेली असते. पाणी बर्फाला ढकलतं, बर्फ फुटतो, तुकडे एकमेकांवर चढतात, वळणावर अडकतात, बांध होतो, मागे पाणी चढतं, बांध फुटतो. या साऱ्याला रशियनमध्ये एक शब्द आहे, ‘लेदोखोद’, बर्फाचं चालणं. खालच्या दुदिन्का बंदरात तर दर वर्षी या सुमाराला धक्क्यावरच्या क्रेन उचलून उंचावर नेतात, कारण पाणी कित्येक मीटर चढून सगळा धक्का गिळतं. पाणी उतरलं की क्रेन परत खाली. आता यासाठी मराठीत ‘पूर आला’ लिहायचं का? आपला पूर पावसाबरोबर येतो, गढूळ येतो, आणि नदीच्या खालच्या अंगाला समुद्र वाट पाहत असतो. तिथला पूर निरभ्र आकाशाखाली, उजेडी रात्री, तोफांसारखा आवाज करत येतो. ‘बर्फ चालू लागला’ एवढं साधं मराठी वाक्यही चाललं असतं. आम्ही वाचतो ते असं: ‘वसंत ऋतू सुरू झाला आणि नदी दुथडी भरून वाहू लागली.’ दुथडी! या शब्दाने आपल्या कित्येक अनुवादकांच्या हातून जगातल्या सगळ्या नद्यांचं पाणी एकच केलं आहे.

(उत्तरेकडच्या लोकांकडे बर्फासाठी अमुकशे शब्द असतात, हे तुणतुणं मला वाजवायचं नाही. ज्याचं ज्या गोष्टीवर पोट, त्याच्याकडे त्या गोष्टीचे शब्द. पिरपिर, भुरभुर, झड, सर, वळीव, संततधार म्हणणाऱ्या भाषेला यात नवल वाटण्याचं कारण नाही.)

वर मी येनिसेईला ‘तो’ म्हटलं. रशियनमध्ये व्होल्गा स्त्रीलिंगी, माता. येनिसेई पुल्लिंगी. १८९०मध्ये साखालिनला जाताना चेखव क्रास्नोयार्स्कहून गेले. तेव्हाच्या प्रवासलेखात त्यांनी व्होल्गाला शालीन, उदास सुंदरी ठरवलं आणि येनिसेईला आपल्या ताकदीचं काय करावं हे न कळणारा दांडगा वीर. इंग्रजीत दोघंही ‘इट’. मराठीत सगळ्या ‘ती’, कारण नदी. पण मराठीला, किंबहुना बहुतेक भारतीय भाषांना, संस्कृताने ‘नद’ दिलेला आहे. सिंधू, शोण, ब्रह्मपुत्र हे आपले नद. आसामी वाचकाला ब्रह्मपुत्राचं पुरुषपण समजावून सांगावं लागत नाही. मग येनिसेई नद म्हणायला काय अडचण? अडचण एवढीच, की इंग्रजीतून आलेल्या अनुवादकाला तिथे लिंग होतं हेच माहीत नसतं.

याचा परिणाम थेट दंतकथेवर होतो. बैकालला शेकडो मुलगे, म्हणजे त्याला येऊन मिळणाऱ्या नद्या-ओढे, आणि एकच मुलगी, अंगारा, त्यातून बाहेर पडणारी एकमेव नदी. ती येनिसेईवर भाळून पळाली आणि बापाने तिच्यामागे डोंगराएवढा दगड भिरकावला. तो शामान-दगड अजून तिच्या उगमाशी आहे. आता दोघींना ‘ती’ म्हणा आणि ही गोष्ट मराठीत सांगून दाखवा. भूगोलाने या प्रेमकथेत भरलेली गंमत आणखी निराळी: संगमावर अंगाराचं पाणी येनिसेईपेक्षा जास्त असतं. जलशास्त्राच्या हिशेबाने येनिसेईच अंगाराला मिळतो. नवरा घरजावई आहे, पण नाव त्याचंच लागतं. हे एकदा कळलं की त्या लोककथा वाचताना ओठावर जे हसू येतं ते तिथल्या बायकांच्या ओठावरही असणार, असं मला खात्रीने वाटतं.

आता ‘निर्मनुष्य’ या शब्दाकडे येते. सैबेरियाबद्दलच्या मराठी मलपृष्ठांवर ‘निर्मनुष्य, अस्पर्श निसर्ग’ हे दोन शब्द छापायचा कायदा झाला असावा. या नदाच्या काठावर केत, एवेंकी, नेनेत्स, एनेत्स, सेल्कुप, डोल्गान, खाकास, तुवान अशी माणसं राहत आली आहेत. तुवान त्याला ‘उलुग-खेम’, थोरला प्रवाह, म्हणतात. केत हे बाराशेच्या आसपास उरले आहेत, त्यांची भाषा बोलणारे त्याहून कितीतरी कमी. २००८मध्ये एडवर्ड वाय्दा या भाषावैज्ञानिकाने त्या भाषेचं नातं उत्तर अमेरिकेतल्या नावाहोच्या कुळाशी जोडून दाखवलं. काहींना ते पटलं, काहींना नाही, पण वाद चालू आहे आणि तो ‘निर्मनुष्य’ प्रदेशाबद्दल चालू आहे. पुढे झारने आणि नंतर सोव्हिएत राज्याने इथे माणसं पाठवली ती शिक्षा म्हणून. लेनिन शुशेन्स्कोयेला, स्टालिन कुरेइकाला. नंतर स्टालिनने स्वतः हजारो कैदी पाठवले. दुदिन्का हे नोरिल्स्कच्या छावण्यांत नेण्यासाठी कैदी उतरवण्याचं बंदर होतं. सालेखार्द ते इगार्का हा लोहमार्ग १९४७ ते १९५३ कैद्यांकडून बांधून घेतला आणि स्टालिन मेल्यावर तसाच सोडून दिला. त्याचे वाकडे रूळ अजून दलदलीत आहेत. क्रास्नोयार्स्कच्या खाली, नकाशावर नसलेल्या आणि फक्त टपाल क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या एका गुप्त शहरात डोंगराच्या पोटात प्लुटोनियम बनवणाऱ्या अणुभट्ट्या होत्या. त्यातल्या दोन भट्ट्या थंड करून बाहेर पडणारं पाणी सरळ येनिसेईत जायचं, १९९२पर्यंत. शेवटची भट्टी २०१०मध्ये बंद झाली. अस्पर्श!

धरणांनी तर नदाचा स्वभावच बदलला. सायान पर्वतातलं सायानो-शुशेन्स्काया धरण २४२ मीटर उंच. १७ ऑगस्ट २००९ रोजी तिथल्या एका टर्बाइनचं झाकण उडून यंत्रदालनात पाणी घुसलं आणि ७५ माणसं मेली. त्याखालचं क्रास्नोयार्स्क धरण इतकं अभिमानाचं की दहा रुबलांच्या नोटेवर छापलं. तिथे जहाजं धरणावरून पलीकडे नेण्यासाठी उतरणीच्या रुळांवर चालणारी प्रचंड यंत्रणा आहे. माशांसाठी अशी काही सोय केल्याचं ऐकिवात नाही. या धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी हिवाळ्यात गोठायला तयार नसतं, कारण ते जलाशयाच्या पोटातून तुलनेने उबदार येतं. मग धरणाखाली शे-दोनशे किलोमीटर नद उघडाच राहतो, कडाक्याच्या थंडीत त्यातून वाफा निघतात आणि शहरावर धुकं बसतं. उन्हाळ्यात तेच पाणी इतकं गार की पूर्वी जिथे मुलं डुंबायची तिथे कोणी पाय घालत नाही. गोठलेला नद म्हणजे त्या लोकांचा हिवाळ्यातला रस्ता. तो रस्ता धरणाने काढून घेतला.

हे ठाऊक नसेल तर तिथलं धरणसाहित्य वाचून काय हाती लागणार? अंगारावर ब्रात्स्कचं धरण झालं तेव्हा व्हालेंतिन रास्पुतिन यांच्या बालपणीचं अतालान्का गाव मूळ जागेवरून उठलं. ‘मात्योराला निरोप’ ही त्यांची कादंबरीसुद्धा १९७६चीच. तिच्यात बेट बुडायच्या आधी स्मशानातले क्रूस उपटायला आलेल्या सरकारी माणसांवर म्हाताऱ्या बायका तुटून पडतात. मराठीत विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ १९९१ची. धरणग्रस्तांच्या त्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या दोन पुस्तकांची तुलना करणारे निबंध माझ्याही वाचनात आले आहेत, आणि सगळ्यांत ‘विस्थापन’ हा शब्द असतो, नदी कुठेच नसते. अंगारा बैकालमधून येते म्हणून तिचं पाणी वर्षभर जवळजवळ सारखं, आणि म्हणूनच इंजिनियरांना ती इतकी आवडली. तिच्यावर एकामागून एक चार धरणं आली. चौथं, बोगुचानी, १९७४ला सुरू झालं आणि त्याचा जलाशय २०१२पासून भरू लागला. रास्पुतिन तेव्हा हयात होते. म्हणजे छत्तीस वर्षांनी तीच कादंबरी पुन्हा घडत होती. आपल्याकडच्या नद्या चार महिने धावतात आणि आठ महिने सुस्तावतात. इथल्या धरणाचा तर्क साठवणीचा आणि सिंचनाचा, तिथला विजेचा. पाणी कोणासाठी अडवलं, हा प्रश्न दोन्ही कादंबऱ्यांच्या पोटात आहे आणि उत्तरं वेगळी आहेत. ती वेगळी का आहेत हे नदीच सांगते. बंगाली वाचकाला याहून जवळचा पुरावा हवा असेल तर फराक्का आहेच. १९७५मध्ये तो बंधारा चालू झाला आणि गंगेतून अलाहाबादपर्यंत चढणारा इलिश खालीच अडला. त्या माशाला नाव होतं म्हणून त्याचं न येणं लोकांना कळलं. ‘मोठा मासा’ यायचा थांबला असता तर कोणाला कळलं असतं?

माझ्या विरोधात दोन पक्ष आहेत. एकाचं म्हणणं: इतकी नावं दिली तर तळटीपांचं रान माजेल. मी तळटीपा मागतच नाहीये. तळटीप हा आळशी अनुवादकाचा कबुलीजबाब असतो. ‘तैमेनने बदकाचं पिल्लू गिळलं’ असं एकदा मजकुरात आलं की तैमेन वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. मूळ लेखकही नावं अशीच वापरतो, कारण मॉस्कोतल्या वाचकालासुद्धा तुगुन ठाऊक नसतो. दुसरा पक्ष अधिक धोकादायक, कारण तो मायमराठीच्या प्रेमापोटी बोलतो. तो म्हणतो, आपले शब्द वापरा: तैमेनचा महाशीर करा, तैगाचं अरण्य करा, रेनडिअरचं हरिण करा. महाशीर हा रोहू-कटल्याच्या गोत्रातला. अरण्य म्हटलं की ऋषी आले, वनवास आला. आणि हरिण म्हटलं की काळवीट आलं, डोळे आले, कालिदास आला. रेनडिअरच्या मादीलासुद्धा शिंगं असतात. ते गाडी ओढतं, दूध देतं, आणि त्याच्या कातड्याचा तंबू होतो. तैमिरचे रानटी कळप ऋतूप्रमाणे हजारोंनी येनिसेई पोहून ओलांडतात. तेव्हा नावेतून येणारे चोरटे पोहत्या जनावरांची कोवळी, रक्ताने भरलेली शिंगं जिवंतपणीच कापून नेतात, औषधाच्या बाजारासाठी. हे ‘हरिण’ या शब्दात कसं मावणार? त्याच्याशी ज्याचं आयुष्य बांधलेलं आहे त्याच्या जवळ जाणारा आपला माणूस धनगर आहे, शकुंतला नव्हे.

शिवाय उत्तरेसाठी मराठीत शब्द नाहीत हे मुळात खोटं आहे. तैमिरच्या टुंड्रात अंडी घालणारा, मुठीत मावेल एवढा एक पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे चिखलात धावताना दिसतो. त्याला मराठीत टिलवा म्हणतात. उत्तरेहून येणाऱ्या अणकुचीदार शेपटीच्या बदकाला तलवार बदक म्हणतात. पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे पुन्हा एका धरणावरच, हे पाहुणे उतरतात. त्यातला प्रत्येक जण येनिसेईच्या मुखाशीच जन्मला असं कोणी म्हणणार नाही, पण ज्या उत्तरेला आपण ‘बर्फाचं वाळवंट’ म्हणतो तिथल्या रहिवाशांना आपल्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी, फासेपारध्यांनी पाहून नावं ठेवलेली आहेत. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ रचला तो अशीच माणसांच्या तोंडची नावं गोळा करत. एखाद्या मराठी अनुवादात ‘लहानसा पाणपक्षी’ वाचलं की त्या साऱ्या कष्टांवर कोणी पाणी ओतलंय असं मला वाटतं.

आणि शेवटी, ज्याला आपण ‘रशियन साहित्य’ म्हणतो ते या नदावर रशियन भाषेतच लिहिलं गेलं असं नाही. अलितेत नेम्तुश्किन एवेंकीत लिहीत. ओग्दो अक्स्योनोवा या कवयित्रीने डोल्गान भाषेला लिपी मिळवून दिली. स्वतःच्या कविता छापायच्या तर आधी बाराखडी तयार करावी लागली अशी ही बाई. तिची एखादी कविता मराठीत येईल तेव्हा ती डोल्गानमधून रशियनमध्ये, तिथून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे येणार. प्रत्येक नाक्यावर एकेक जनावर उतरत जाणार. कळपपालांच्या भाषेत जनावराला वयाप्रमाणे, रंगाप्रमाणे, कामाप्रमाणे वेगळं नाव असतं. आपल्या करडू, पाट, बोकड, कोकरू, मेंढा या शब्दांना जो अर्थ आहे तोच त्यांना. अनेक भाषांत निघणाऱ्या या नियतकालिकाने असल्या कविता छापायला घेतल्या, तर मधला इंग्रजीचा नाका टाळण्यासाठी दोन भाषा जाणणारी माणसं शोधावीत, आणि मिळेपर्यंत थांबावं, अशी माझी संपादकांना जाहीर विनंती आहे.

माझ्या हातात सध्या अस्ताफ्येव आहेत. सामोलोव सामोलोवच राहील, तैमेन तैमेन राहील, केद्र केद्र राहील, येनिसेई ‘तो’ राहील, हे प्रकाशकांना मी करारातच लिहून द्यायला सांगितलं. खळखळ करत त्यांनी ते मान्य केलं. मागच्या आठवड्यात मुखपृष्ठ आलं: निळं आकाश, पांढरीशुभ्र हिमशिखरं, पायथ्याशी शिंगं उगारलेलं हरिण. कथा घडते त्या पट्ट्यात हिमशिखरं नाहीत. मी चित्र परत पाठवलं आहे, आणि सोबत थंडीत धरणाखाली वाफाळणाऱ्या, न गोठलेल्या पाण्याचा एक फोटो जोडला आहे. त्यात काहीच दिसत नाही, असं त्यांचं उत्तर आलंय.